माझ्या नावावरचं घर

सोलापूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. इंद्रजीतदादास,
वैजूचा नमस्कार.

स्वतःच्या नावावर घर आहे हे एखाद्या बाईला साडेतीन वर्षं माहीतच नसतं, असं होऊ शकतं का? महिन्याभरापूर्वी सरकारी घरांच्या सोडतीच्या ऑफिसात मला हा प्रश्न विचारला गेला. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि आजही येत नाही. म्हणून पत्राची सुरुवात त्यानेच करते.

इकडे सगळे बरे आहेत. अण्णांचा खोकला कमी आहे. चिंचोळीच्या कारखान्यात आता त्यांना रात्रपाळी देत नाहीत, सकाळी सातची बस धरतात. आईच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो काल मी बदलून आणला. टॉवेलच्या कडा शिवायचं काम दिवाळीनंतर थंडावलंय, त्यामुळे ती दुपारी जरा आडवी होते. छकुलीचा ताप उतरला का ते मी वहिनींना फोन करून विचारलं. उतरला म्हणाल्या.

तू म्हणशील, फोन सोडून हिला पत्र लिहायचं काय सुचलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. 'वैजू, साइटवर हाय, नंतर बोलू' म्हणतोस, आणि ते नंतर कधी येत नाही. शेवटचं पत्र तुला मी सातवीत असताना लिहिलं होतं. बारावी झाल्या झाल्या तू पुण्याला गेलास, ग्रिल-रेलिंगच्या वेल्डिंगवर लागलास, आणि आपल्याकडे फोन नव्हता. त्या पत्रात मी माझे मार्क कळवले होते. तू वह्यांसाठी मनिऑर्डर केलीस. ते मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना एवढं मनात धर.

ऑफिसात काय झालं ते तू मला नीट विचारलंच नाहीस, म्हणून आधी ते लिहिते.

पाच वर्षं मी सरकारी घरांच्या सोडतीचा फॉर्म भरत होते हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या पगारात पुण्यात घर घ्यायचा दुसरा रस्ता नव्हता. दुसरे रस्ते मी पाहिले नाहीत असं नाही. दर रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला जायचे. तिथली मुलं गार पाणी आणून द्यायची आणि विचारायची, 'सर मागून येताहेत का?' एकटीच आहे म्हटलं की किमतींचा कागद हातात ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. कात्रजला एक जुनं घर कसंबसं परवडत होतं. मालक म्हणाला, तिसरा हिस्सा रोख द्या, तो कागदावर येणार नाही. मी नाही म्हटलं. तेव्हा तू मला हसला होतास. 'वैजू, पुण्यात हरिश्चंद्राला घर मिळत नसतंय.'

या सप्टेंबरमध्ये माझं नाव लागलं. ताथवड्याला, एक खोली आणि स्वयंपाकघर, चौथा मजला, बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्यात. शाळेत मी सगळ्यांना पेढे वाटले, शिपाईमामांना दोन दिले. पहिला फोन तुला केला होता. तू म्हणालास, 'बरं झालं की.' आणि मग, 'फॉर्मवर काय काय लिहिलंयस?' मला वाटलं, थोरला भाऊ काळजीनं विचारतोय.

नऊ ऑक्टोबरला कागद तपासायला बोलावलं होतं. टेबलापलीकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. पुणे परिसरात माझ्या नावावर घर नाही, असं मी स्टँप पेपरवर लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र त्यांनी वाचलं. मग कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

'वाघोलीचा फ्लॅट तुमचाच ना?'

'नाही हो. माझा कुठला?'

'वैजयंती रामहरी काशीद. पॅन नंबरसुद्धा तुमचाच आहे. मार्च बावीसची नोंदणी आहे. घरपट्टीही तुमच्याच नावानं भरली जातेय.'

'मी नाही भरत.'

'कुणीतरी भरतंय,' त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि मला नीट पाहिलं. 'मॅडम, शिकलेल्या दिसता. शाळेत शिकवता. स्वतःच्या नावावर घर आहे हे तुम्हाला साडेतीन वर्षं माहीत नव्हतं?'

त्या वाईट नव्हत्या. महिन्याभरात लेखी खुलासा द्या, म्हणाल्या, नाहीतर प्रतिज्ञापत्र खोटं धरलं जाईल. बाहेर बाकावर माझ्यासारखीच नाव लागलेली माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती. एका आजीबाईंनी मला विचारलं, 'झालं का गं तुझं?' मी मान हलवली. हो की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवलं असेल.

त्या रविवारी मी हडपसरला तुझ्या भाड्याच्या घरी आले. तुला सगळं आठवत असेल, पण मला जसं आठवतं तसं लिहिते, म्हणजे कुठे चुकत असेन तर तुला सांगता येईल.

तू जेवत होतास. मी वाघोली म्हटलं आणि तू चावायचा थांबला नाहीस.

'ते व्हय,' म्हणालास. 'ते बिलाचं घर हाय.'

बिल्डरने तुझं रेलिंगच्या कामाचं बिल थकवलं होतं आणि शेवटी पैशांऐवजी एक फ्लॅट घे म्हणाला. कंत्राटदारांना असे फ्लॅट देतात हे मला त्या दिवशी कळलं. बाईच्या नावावर घेतला की स्टँप ड्युटीत एक टक्का सूट मिळते, म्हणून बाईचं नाव.

'मग माझं का नाय घातलं?' हे मी विचारायच्या आधी वहिनींनीच विचारलं. पोळ्यांचा डबा हातात तसाच होता. त्यांनाही ते घर तेव्हाच कळत होतं.

'तुजं घातलं तर ते माजंच धरत्यात,' तू म्हणालास. 'सोडतीत नवरा-बायको एकच. मलाबी दरसाल फॉर्म भरायचा असतोय की. माजं नाव कोरं पायजे. एक हितलं, एक सोडतीतलं, दोन झाली असती.'

'आणि माझं नाव?' मी विचारलं.

तू माझ्याकडे बघितलंस. खरंच गोंधळला होतास, जसा मी काहीतरी उलटंच विचारलंय.

'तुजं लगीन झालं की नवऱ्याचं घर असणारच की, वैजू. तुजं नाव कोरं ठिवून करायचं काय?'

दादा, तू हे वाईट बुद्धीने बोलला नाहीस. वाईट बुद्धीने बोलला असतास तर मला भांडता आलं असतं. तू मला बी.एस्सी. केलंस, बी.एड. केलंस. पाहुण्यांनी 'पोरीला कशाला एवढं' म्हटलं तेव्हा तू त्यांना दारातून परत लावलंस. तुझ्या उजव्या हातावर ठिणग्यांचे डाग आहेत, ते माझ्या फीचे आहेत हे मला माहीत आहे. आपल्या माणसांत मी काय होऊ बघते ते फक्त तुला कळतं, असं मी आजवर धरून चालले होते. शाळेत कुणी विचारलं तर मी अभिमानाने सांगायचे, माझ्या भावाने मला शिकवलं. आणि तू मात्र मला शिकवून तयार करत होतास ते कुणातरी दुसऱ्याच्या घरात जाण्यासाठी. तोपर्यंत माझं नाव रिकामं पडलं होतं, म्हणून तू ते वापरलंस.

मग तू उपाय सांगितलास. घर तुझ्या सासूबाईंच्या नावावर फिरवायचं, ओळखीचा एजंट मागची तारीख बसवून देतो, आणि मी खुलाशात लिहायचं की नाव चुकून लागलंय. मी म्हटलं, 'उत्तर आधी लिहून मग वर रीत बसवली तर मी मुलांना शून्य मार्क देते.'

'झाली मास्तरीण सुरू,' तू म्हणालास, आणि ताटात हात धुतलास. वहिनी हसल्या नाहीत. त्या डबा घेऊन आत गेल्या आणि परत बाहेर आल्याच नाहीत.

भाऊबीजेला मी आले नाही. शाळेचं काम आहे असं कळवलं होतं. काम नव्हतं.

भाऊबीजेच्या आधीच्या रविवारी मी वाघोलीला जाऊन आले, हे तुला माहीत नाही. तिसरा मजला, डावीकडचं दार. दार तुझ्या भाडेकरूने उघडलं. अनिलकुमार नाव, मूळचे वेळापूरचे, बँकेत आहेत. मी माझं नाव सांगितलं तर ते मला पायांपासून डोक्यापर्यंत बघत राहिले.

'काशीद मॅडम? तुम्ही दुबईहून कधी आलात?'

तू त्यांना सांगितलं होतंस की मालकीण दुबईला असते. गॅसचं कनेक्शन, मुलीच्या शाळेचा पत्ता, सगळ्यासाठी त्यांना भाडेकरारावर माझी सही हवी होती, आणि दोन वर्षं तू 'मॅडम आल्या की घेऊ' म्हणत होतास. त्यांच्या बायकोने मला पोहे केले आणि दुबईत सोनं खरंच स्वस्त असतं का ते विचारलं. मी पुण्यातच भाड्याच्या खोलीत तिघींबरोबर राहते, हे त्यांना सांगितलं तेव्हा नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसले. मग बाईच म्हणाली, 'म्हणजे आम्ही तुमच्या घरात भाड्यानं, आणि तुम्ही दुसऱ्याच्या.'

त्यांची साताऱ्याला बदली झाली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार होते.

त्यांनी मला घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी, पूर्वेला छोटी बाल्कनी. बाल्कनीचं रेलिंग तुझ्या हातचं आहे हे मी ओळखलं. जोड घासून घासून गुळगुळीत करायची सवय तुझीच. मी रेलिंगवर हात ठेवून उभी राहिले आणि मला ते घर आवडलं. हे तुला लिहायला लाज वाटते, पण आवडलं.

आता जे लिहायचं मी इतका वेळ टाळते आहे ते लिहिते.

त्या मार्चमध्ये तू सकाळी फोन केलास. 'अर्धी सुट्टी टाक. एका कागदावर साक्षीदार पायजे. आधार, पॅन घेऊन ये.' नोंदणीच्या ऑफिसात गर्दी होती. आपल्या घरात कुणाचाही कागद आला की तो मी वाचते. अण्णांचा फंडाचा फॉर्म, आईचं रेशनकार्ड, घरमालकीण ईरम्माला आलेली लाइटबिलाची नोटीससुद्धा. त्या दिवशी तू म्हणालास, 'वाचत बसू नको, नंबर जाईल,' आणि मी पानापानावर सह्या करत गेले. भावाचा कागद वाचायला बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मला वाटलं.

पण एक पान मी वाचलं होतं, दादा. अंगठा दिल्यावर फोटो छापून आला ते पान. माझ्या फोटोशेजारी लिहिलं होतं, लिहून घेणार, वैजयंती रामहरी काशीद. घर विकत घेणाऱ्याला दस्तात तसं म्हणतात, एवढं मला कळत होतं. साक्षीदारांची नावं खाली होती. त्यांत मी नव्हते.

मी तुला विचारलं नाही. का विचारलं नाही ते ऐक. मला वाटलं, तू मला घर देतोयस. गुपचूप, न सांगता, जशी मी दहावी झाल्यावर तू सायकल आणून दारात लावली होतीस तशी. पंचवीस वर्षांची होते मी. संध्याकाळी खोलीवर जाताना पडद्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. विकत काही घेतलं नाही, फक्त निळ्या पडद्याचा भाव विचारला.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी नवी साडी नेसून आले होते. वहिनींनी विचारलंही, आज एवढं काय विशेष. तुला ओवाळताना माझी खात्री होती की तू ताटात घराचे कागद ठेवणार. तू पाचशे एक ठेवलेस आणि म्हणालास, 'यंदा धंदा मंद हाय, वैजू.' मी हसून तुझ्या पाया पडले.

मग मी मनाशी ठरवलं की मी चुकीचं वाचलं असणार. स्वतःला हावरट म्हणून बोल लावला. ज्याने एवढं केलं त्याच्याकडून घराची आशा करते, असं वाटून मला माझीच शरम वाटली, आणि शरमेपोटी मी ते पान मनातून काढून टाकलं. तरी दर वर्षी प्रतिज्ञापत्रावर 'माझ्या नावावर घर नाही' असं लिहिताना माझं पेन क्षणभर थांबायचं. तुला एक फोन केला असता तर खरं काय ते कळलं असतं. मी केला नाही. तू 'ते घर तुझं नाही' म्हणशील याची मला भीती होती, आणि जोवर विचारत नाही तोवर ते कुठेतरी थोडंसं माझं होतं.

म्हणून त्या बाईंच्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही. माहीत नव्हतं म्हटलं तर ते खोटं. माहीत होतं म्हटलं तर तेही खोटं.

सहा नोव्हेंबरला मी खुलासा दिला. चारच ओळी लिहिल्या. वाघोलीचं घर माझ्या नावावर आहे. प्रतिज्ञापत्र देण्याआधी मी चौकशी करायला हवी होती, ती केली नाही. मी सोडतीला पात्र नाही. ताथवड्याच्या घरावरचा हक्क सोडते. तुझं नाव त्यात कुठेही नाही. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, 'आणखी काही लिहायचं राहिलंय का?' मी नाही म्हटलं. त्यांनी शिक्का मारला. यादीत माझ्या खाली ज्याचं नाव होतं त्याला आता ते घर जाईल. त्याला आनंद झाला असेल.

तुला कदाचित कळणार नाही म्हणून स्पष्ट लिहिते. पहिलं घर घेणाऱ्याला जे काही मिळतं, सोडत, अनुदान, सवलत, ते माणसाला एकदाच मिळतं. माझं ते तू त्या मार्चमध्ये खर्च करून टाकलंस.

रविवारी सकाळी मी इथे आले. आईला आणि अण्णांना समोर बसून सांगायचं होतं. तू त्यांना आधीच फोन केला होतास हे आल्यावर कळलं. पण तू मला एक गोष्ट सांगितली नव्हतीस. अण्णांना ते घर पहिल्यापासून माहीत होतं.

काल संध्याकाळी मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

'मी नारळ फोडून आलो हुतो की तितं,' ते म्हणाले. 'इंद्या म्हणला, वैजूला आत्ताच नगं सांगाय, ती नसत्या चौकशा काढती. तुजं लगीन ठरलं की सांगणार हुतो.'

आईने मशीन थांबवलं. 'मलाबी न्हाय सांगितलं?'

'तुज्या पोटात ऱ्हातंय व्हय काय?'

'पस्तीस वरसं तुमच्या घरात ऱ्हायले,' आई म्हणाली, 'ते कुणाच्या पोटात ऱ्हायलं?' आणि मशीन पुन्हा सुरू केलं, कापड न घालताच.

अण्णांनी मला समजावलं. आवाज चढवला नाही, तेच कठीण गेलं. 'त्यानं तुला शिकवली. आता त्याचं हाय ते त्याला माघारी दे. भावा-भैनीत कागद नसतोय, पोरी.'

'अण्णा, कागद त्यानेच केला.'

'नाव घातलं म्हंजे मानच दिला की तुला. बिघडलं कुटं त्यात?'

तेवढ्यात ईरम्मा दारात आली. भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलं असणार. 'काय वं काशीद, पुण्यात घर झालं म्हणं. मग पुढच्या महिन्यापासनं पाचशे वाढवून द्या की. आता तुमी गरीब कुटं ऱ्हायलाव.' आई एकटीच हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. सात घरं बदलली आपण सोलापुरात, दादा. आठव्या घरमालकिणीपुढे अण्णा मान खाली घालून बसले होते आणि आपल्या पोराच्या नव्या घराचं गुपित त्यांनी साडेतीन वर्षं सांभाळलं होतं. तू त्यांनाही तिथे राहायला नेलं नाहीस. भाडं येत होतं म्हणून.

ईरम्मा गेल्यावर मी अण्णांना जे सांगितलं तेच तुला सांगते.

शनिवारी, पंधरा तारखेला, मी वाघोलीच्या घरात राहायला गेले. अनिलकुमार शुक्रवारी मला किल्ली देऊन निघाले. त्यांची अनामत तुझ्याकडे होती, ती मी माझ्या साठवणीतून त्यांना परत दिली. माझं सामान छोट्या टेम्पोच्या एका कोपऱ्यात मावलं. खुलाशात मी हे घर माझं आहे असं लिहून दिलंय, आणि मी लिहून दिलेलं आता खरं असलं पाहिजे.

घर फुकट घेणार नाही. ताथवड्याच्या घरासाठी मी जो हप्ता धरला होता, तेवढे पैसे दर महिन्याला तुझ्या खात्यावर येतील, करारनाम्यात जी किंमत लिहिली आहे ती पुरी होईपर्यंत. पहिला हप्ता काल पाठवला. परत पाठवलास तर पुन्हा पाठवीन. उशीर लागेल, पण तुझं बिल बुडणार नाही.

तू याला दगा म्हणशील. अण्णाही तसंच म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर निघून गेले. आज सकाळी माझ्याशी न बोलताच कामावर गेले. मी बरोबर केलं का, याची मला खात्री नाही. एवढंच सांगते की सही करून घर तुला परत दिलं असतं, तर तुला दोन्ही मिळालं असतं, घर आणि माझी माफी. माफी मागायला तू अजून आलेला नाहीस.

अण्णा बाहेर गेल्यावर आई बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तितं मशीन ठिवाय जागा हाय का? उजेडाला?'

मी आहे म्हटलं.

'बगू,' म्हणाली. 'एवढं काम सपू दे.'

उद्या सकाळच्या बसने मी निघते. परवा शाळा आहे.

येत्या सोडतीत तू फॉर्म भरशील. 'माझ्या नावावर घर नाही, माझ्या मालकीचं दुसऱ्या कुणाच्या नावावरही नाही' असं लिहिशील. या वेळी ते खरं असेल. त्यासाठी माझ्या शुभेच्छा आहेत, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

तुझ्याकडे असलेली किल्ली आता लागणार नाही. शनिवारी दुपारीच मी कुलूप बदलून घेतलं. यायचं असेल तेव्हा ये, भांडायचं असेल तरी ये. बेल वाजव, दार मी उघडीन.

तुझी धाकटी बहीण,
वैजयंती